विलंबित एकतालातली बंदूक

आमच्या चंदनसारच्या सोसायटीत एक गृहस्थ विलंबित ख्यालाच्या समेवर बंदूक मारतात. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीवर राहून लिहिते आहे.

नाव दामोदर म्हात्रे. वय एकाहत्तर. बिल्डिंग ज्या भातशेतावर उभी आहे ते त्यांच्याच घराण्याचं, म्हणून तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आणि गच्चीची एक किल्ली त्यांच्याकडे. बंदूक छऱ्यांची, जत्रेत फुगे फोडतात तशी.

मी सेक्रेटरी झाले त्या आठवड्यात कामांची यादी घेऊन गच्चीवर गेले होते. टाकीचं झाकण, गळती, बंद पडलेला दिवा. टाकीच्या आड मोबाइलवर तानपुरा घुमत होता, कोणी बुवा सावकाश आळवत होते आणि म्हात्रेकाका बंदूक रोखून पुतळ्यासारखे उभे होते. मी ओरडणार, तेवढ्यात ते मान न वळवता म्हणाले, "थांब बाय, सम येऊ दे."

सम आली. ठाक! माझ्या हातून यादी खाली पडली.

"काका, ही काय पद्धत झाली?"

"शांततेत मारली तर नुसता आवाज होतो. समेवर मारली की गान्यात बसते."

वाद घालायला गेले आणि मीच ऐकत बसले. नाट्यगीत चालत नाही, कारण "त्याला टाळीची घाई, नेम वर जातो." सिनेमाचं गाणं नको, "मी नाचू का मारू?" भजनाचा गजर तर अजिबात नको, "देवाला लागल." विलंबित एकतालाचं बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभर चालतं, मग पुन्हा पहिली मात्रा, म्हणजे सम. एका आवर्तनाला एक बार. ज्याला घाई असेल त्यानं फटाके लावावेत, हे त्यांचं ठाम मत.

सुरक्षेची व्यवस्था मी तपासली. मागे वाळूची पोती, पुढे पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद. कागद ओळखीचा वाटला. पाणीकपातीची माझीच नोटीस! मागच्या कोऱ्या बाजूला काळं वर्तुळ, बरोबर माझ्या सहीच्या मागे.

"जाड कागद वापरतेस," काका कौतुकानं म्हणाले. "भोक छान पडतं."

दोन वर्षं कोणी तक्रार केली नाही. मग एका संध्याकाळी गच्चीच्या खालच्याच, सातव्या मजल्यावरचे सावंत आले. मी वही काढून लिहिलं, 'आवाजाचा त्रास.'

"आवाज खोडा," सावंत म्हणाले. "लिहा, काल बार तीनदा समेच्या मागून आला. आमचा घास हातात राहतो हो!"

अख्खा सातवा मजला रोज त्या ठाकची वाट बघत जेवतो, हे मला तेव्हा कळलं. मी थक्क झाले, पण कमिटीत तक्रार वाचली तेव्हा कोणी हसलं नाही. बार उशिरा येतो म्हणजे हात स्थिर नाही. छर्रा पोत्याला चुकला तर समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या. एकमतानं ठरलं, बंदूक ऑफिसच्या कपाटात ठेवायची.

रविवारी सकाळी कमिटीचं पत्र घेऊन मी गच्चीवर गेले. काकांनी ते दोनदा वाचलं. "ने," म्हणाले, आणि मांडीवरची बंदूक काही उचलेनात.

रेकॉर्डला असावा म्हणून मी पुठ्ठ्यावरचा कागद काढला. गणपतीच्या वर्गणीची नोटीस, कित्येक महिन्यांपूर्वीची. उलटसुलट पाहिली, उजेडात धरली. एकही भोक नाही.

"काका, इतक्या महिन्यांत एक छर्रा लागला नाही?"

"घातला तर लागल."

त्यांनी नळी वाकवून दाखवली. रिकामी. छऱ्यांची डबी पिशवीत होती, झाकणाला चिकटपट्टीचे चार वेढे.

"हात हलायला लागला. कोनाला लागला तर? म्हनून रिकामीच मारतो. अशी मारली की स्प्रिंग जाते तिची. जाऊ दे."

"मग मारता तरी कशाला?"

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. दोन वर्षं मी फक्त बंदूक पाहिली होती. बोटं वाकडी झालेली, आणि सगळी थरथरत होती. उजव्या हाताचं एक सोडून.

"चाळीस वर्षं तबला वाजवला, बाय. राजोडीपासून चिंचोटीपर्यंत कोन गायला बसला की मला बोलावनं यायचं. आता धा बोटांतलं हे एकच माझं ऐकतं. एका बोटानं तबला नाय वाजत. समेवर यायला पुरतं."

पत्र मी पर्समध्ये परत ठेवलं. कमिटीला काय सांगायचं ते मी बघून घेणार होते. काकांनी गाणं लावलं. मी वाळूच्या पोत्यावर बसले आणि पेरांवर मात्रा मोजू लागले. अकरा झाल्या, बारावी संपली, सम येऊन गेली, आणि मग ठाक!

काकांनी बंदूक खाली घेतली.

"बरोबर आला, काका," मी म्हणाले.

"नाय बाय. मागं पडलो." त्यांनी पुन्हा नळी वाकवली, आणि माझ्या बोटांकडे बघत म्हणाले, "पन तू मोजत होतीस."