सहाशे भाकरी आणि मिटलेले डोळे

गाठ मारावी तर शांतवन आवळे मास्तरांनी! हे मी म्हणत नाही. म्हणजे मीच म्हणतो, पण चारचौघांत म्हणतो. सांगलीच्या एका मिशन शाळेत मी स्काउट-मास्तर होतो आणि अकरा प्रकारच्या गाठी मला डोळे मिटून मारता यायच्या. डोळे मिटण्याचा संबंध पुढे येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

गोष्ट सेहेचाळीस सालची. लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा वार्षिक मेळा दरसाल कुठल्या तरी एका गावी भरतो. गावोगावचे पाळक म्हणजे धर्मगुरू, प्रतिनिधी, बायामाणसं तीन दिवस एकत्र येतात. उपासना होतात, भजनं होतात, ठराव होतात, आणि घरी गेल्यावर लोक फक्त जेवणाबद्दल बोलतात. लागोपाठ तीन वर्षं मेळा साताऱ्याला भरला होता. तिथले मंडळीचे पंच जोतीराम पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेले. त्यांच्या बंदोबस्तात पानात मीठ वाढायचं तेसुद्धा डावीकडून उजवीकडे, आणि तेही हुकूम झाल्यावर! पंचेचाळीसच्या मेळ्यात भरसभेत त्यांनी मला विचारलं,

“मास्तर, सांगलीकर कवा बोलवनार? का आमच्याच आमटीवर जलम काढनार?”

सभा खो खो हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! मी ताडकन उभा राहिलो.

“पुढचा मेळा सांगलीला! आमटी नाही, मटण! वर ज्वारीची भाकरी! आणि सगळी व्यवस्था मी जातीनं पाहणार!”

टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला बसलेल्या माझ्या बायकोने, सलोमीने, मात्र कपाळाला हात लावला. परतताना ती एवढंच म्हणाली, “घरची शेरडी बांधलेली राहत नाही, आणि म्हणे मेळा बांधणार!”

शेरडीच्या दोराचा दोष होता. पण ते जाऊ द्या.

सांगलीला आल्यावर आमच्या पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. “मास्तर, मेळा नीट पार पडला तर शेवटच्या दिवशी, सगळ्या पाहुण्यांदेखत, वडील म्हणून तुमचं नाव मी स्वतः सुचवीन.”

वडील म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारा पंच. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, त्याला पहिलं बाक असतं. माझ्या बापाने त्याच देवळाची घंटा तीस वर्षं ओढली, पण उपासनेला तो शेवटी दाराशीच बसायचा. ते पहिलं बाक मला हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. झोपेतसुद्धा मी त्यावर बसून बघायचो, आणि सलोमी म्हणायची, “सरका तिकडं!”

वर्षभर मी राबलो. मंडपाचं कापड माधवनगरच्या ओळखीपाळखीतून उभं केलं. खणभागातला मौला आचारी ठरवला. चोवीस घरांना फर्मान काढलं, की शेवटच्या दिवशी घरटी पंचवीस भाकरी भाजून आणायच्या. चोवीस गुणिले पंचवीस, सहाशे! मेळ्याचे पहिले दोन दिवस असे पार पडले, की खुद्द हवालदारांनी मिशीला पीळ द्यायचं थांबवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मुलांच्या सभेत बोधपर भाषणही ठोकलं. विषय, प्रार्थनेत डोळे उघडणं हे किती मोठं पाप! शाळेत प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडणाऱ्या पोराला मी ओणवं उभं करीत असे. आता तुम्ही विचाराल, मास्तर, ते तुम्हाला कसं दिसायचं? त्या काळी असले प्रश्न कुणी विचारत नसे.

भाषण संपवून बाहेर येतो तो दारात बैलगाडी. कुंडलच्या बयाबाई! वय सत्तरीचं, पण गाडी स्वतः हाकीत आलेल्या. घरचं गुऱ्हाळ चालू म्हणून दोन दिवस उशीर झाला होता. साखर रेशनवर, म्हणून त्यांनी मेळ्यासाठी गुळाच्या दोन ढेपा आणल्या होत्या. त्यांनी बैल सोडले. एक गाडीला बांधला आणि दुसऱ्याचा कासरा घेऊन जागा शोधू लागल्या.

“द्या इकडे, बयाबाई,” मी म्हटलं. “तुम्ही पाहुण्या. बांधायचं काम माझं!”

“आवं, म्या बांधते की. रोजचंच हाय.”

“छे छे! सगळी व्यवस्था माझ्याकडे आहे.”

मंडपाच्या मागच्या खांबाला मी तो बैल, सोन्या त्याचं नाव, बांधला. अकरा गाठींतली सातवी गाठ. बयाबाई वाकून बघत राहिल्या.

“मास्तर, ही गाठ बैलाची न्हाई वाटत.”

“विलायती गाठ आहे, बयाबाई! हत्ती बांधला तरी सुटायची नाही!”

“आसंल बाबा,” त्या म्हणाल्या. “पर आमच्या सोन्याला विंग्रजी येत न्हाई.”

मी हसलो. हसायला नको होतं.

दुपारी पंगत मांडली. दोनशे माणसं पत्रावळींपाशी दाटीवाटीने उभी राहिली. मागच्या खांबाजवळ चादरीवर सहाशे भाकरींची चळत, शेजारी देगींपाशी मौला. आमच्यात चाल अशी, की आभाराची प्रार्थना झाल्याशिवाय कुणी घासाला हात लावायचा नाही. मान पाहुण्यांचा, म्हणून पाळकसाहेबांनी जोतीराम हवालदारांना विनंती केली. ते भाकरींकडे तोंड करून उभे राहिले, खाकरले आणि दोनशे माणसांनी डोळे मिटले.

हवालदारांची प्रार्थना म्हणजे पायी प्रवास. महाबळेश्वराहून ते निघाले. वाटेतल्या प्रत्येक गावच्या मंडळीसाठी, विहिरींसाठी, गुराढोरांसाठी प्रार्थना करीत कऱ्हाडपर्यंत आले. तिथून मेसोपोटेमियात गेले, जुन्या पलटणीतल्या एकेका सोबत्याचं नाव घेतलं. ते परत फिरत होते तेवढ्यात मला आवाज आला.

मच्. मच्. मच्.

मी एक डोळा उघडला. अगदी किलकिला. सातवी गाठ जमिनीवर पडली होती आणि सोन्या भाकरी खात होता!

तुम्ही म्हणाल, ओरडायचं! ओरडलो असतो. पण मग सगळ्यांनी विचारलं असतं, मास्तर, तुम्हाला बैल दिसला कसा? सकाळचं भाषण अजून पोरांच्या कानात होतं. वडीलपदाची निवड तासाभरावर होती. चालत जावं, तर मध्ये माणसांची भिंत!

मग मला युक्ती सुचली. प्रार्थना संपली की डोळे आपोआप उघडतील. मी मोठ्याने म्हटलं, “आमेन!”

हवालदार थबकले आणि गहिवरले. “व्हय प्रभू! सांगलीच्या मास्तराच्या मनात आग पेटलीया! ती समद्यांच्या मनात पेटव!”

“आमेन!” दोनशे माणसं ओरडली. प्रार्थना पुन्हा महाबळेश्वराहून सुरू झाली.

मच्. मच्.

मी दातांतल्या दातांत बैलाला म्हटलं, “हाड्! हाड्!”

“व्हय प्रभू!” हवालदार गरजले. “मास्तर सैतानाला हाकलतोय! आमीबी हाकलतो!”

“हाड्! हाड्!” सगळा मंडप गर्जला. बैलाने कान हलवले आणि पुढची भाकरी घेतली.

आता काय करणार? डोळे मिटल्याचं सोंग करीत, तंद्री लागल्यासारखा मी एक पाय सरकवला. दुसरा सरकवला. तिसऱ्या पावलाला माझा अनवाणी पाय रश्श्याच्या बादलीत गेला! रस्सा नुकताच देगीतून काढलेला होता.

“प्रभूऽऽऽ!” मी किंचाळलो. माझ्या जन्मातली सर्वांत मनापासूनची प्रार्थना ती!

मग काही विचारू नका. लोकांना वाटलं, पवित्र आत्म्याने मास्तरांना स्पर्श केला. पाळकसाहेब हुंदके देऊ लागले. एकाने रडत रडत शेजाऱ्याचा बांध कोरल्याचं कबूल केलं. शेजारी मागेच उभा होता. त्यानेही रडत रडत आपण तोच बांध उलटा कोरल्याचं कबूल केलं. कुणी सुनेची क्षमा मागितली, कुणी सासूची. असं संजीवन, म्हणजे सगळ्या मंडळीचं मन पालटणं, सांगलीत पूर्वी झालं नव्हतं. एक माझाच डोळा कोरडा होता, कारण तो बैलावर होता.

अर्ध्या तासाने खरंखुरं आमेन झालं. दोनशे माणसांनी डोळे पुसत उघडले. सोन्याने शंभरेक भाकरी खाल्ल्या होत्या. बाकीच्यांवर तो ऐसपैस बसून रवंथ करीत होता.

“आरारारा!” हवालदार म्हणाले. “कुनी बघितलं न्हाई?”

बघणार कसे? डोळे मिटलेले होते ना!

“बैल कुनाचा?”

“माझा,” बयाबाई पुढे आल्या.

“आवं, मग नीट बांधाया नगं व्हय? दोनशे मानसांचं जेवान गेलं!”

बयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मंडपाचं कापड तपासू लागलो. मला वाटलं, आता सांगणार. पण त्या माउलीने माझं नाव घेतलं नाही.

“चुकी झाली, बाबांनो,” त्या खाली मान घालून म्हणाल्या. “आमी जातो माघारी. गूळ तेवढा ठिवून जातो. पोरांस्नी द्या.”

लाज वाटली. बोलायला तोंड उघडलं, आणि पहिलं बाक डोळ्यांसमोर आलं. तोंड पुन्हा मिटलं. डोळे मिटायचे तेव्हा मिटले नाहीत, आणि तोंड नको तेव्हा मिटलं!

तेवढ्यात देगीमागून मौला बोलला.

“आवं, पर मास्तर तर बघत हुतं की!”

सगळ्या माना देगीकडे वळल्या.

“काय?” पाळकसाहेब म्हणाले.

“येक डोळा उघडून बघत हुतं. पयल्या भाकरीपास्नं. बैल बी त्येंनीच बांधला हुता सकाळच्याला. म्या म्हटलं, तुमच्यात पयला घास मुक्या जनावराला द्याची चाल आसंल, आन् मास्तर देखरेखीला आसत्याल. दुसऱ्याच्या धरमात आपुन कशाला बोलावं?”

बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो मला मानच देत होता!

दोनशे माणसांचे चारशे डोळे माझ्यावर. त्यांत पोरांचे जास्त. मग मात्र मी पुढे झालो, रश्श्याच्या पायाने.

“बयाबाईंची काही चूक नाही,” मी म्हटलं. “त्या बांधत होत्या, मी बांधू दिलं नाही. गाठ माझी. डोळाही माझाच.”

बयाबाईंनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, रडल्या. तर हसत होत्या!

“म्या म्हटलं हुतं ना मास्तर, त्याला विंग्रजी येत न्हाई!”

त्याबरोबर मंडप हसला, आणि इतका हसला की मागचा खांब हलला. बायकांनी घराघरांतून जोंधळ्याच्या कण्या आणल्या, मौलाने त्या शिजवल्या, आणि दोनशे माणसं कण्या, मटण आणि कुंडलचा गूळ खाऊन तृप्त झाली. बयाबाईंना मी स्वतः वाढलं. रश्श्याची एक बादली तेवढी कुणी घेतली नाही.

मग निवड. पाळकसाहेबांनी माझं नाव सुचवलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी दाराशी, बापाच्या जागी जाऊन बसलो. तेव्हा हवालदार उठले.

“मास्तराला वडील करावं आसं मी म्हनत न्हाई,” ते म्हणाले. “पर हितनं फुडं मेळ्यात जेवनाची प्रार्थना व्हईल तवा राखनीला कुनीतरी उघड्या डोळ्याचा मानूस पायजेच. मास्तरांस्नी सवय हाय. माझी सूचना, की त्यांस्नी प्रार्थनेत डोळे उघडं ठिवायची परवानगी द्यावी.”

ठराव एकमताने पास झाला! सलोमीचा हात सगळ्यांत आधी वर.

पुढच्या वर्षी मेळा पुन्हा साताऱ्याला भरला. ठरावाप्रमाणे मी हातात काठी घेऊन भाकरींपाशी उभा राहिलो. हवालदारांनी प्रार्थना सुरू केली आणि सगळ्यांनी डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा मी राजरोस डोळे उघडे ठेवून पंगतीवरून नजर फिरवली. फिरवता फिरवता ती हवालदारांवर आली.

त्यांचा डावा डोळा उघडा होता. टक्क उघडा! बोलता बोलता ते भाकरींवर नजर ठेवून होते. आमची नजरानजर झाली. हवालदारांनी तो डोळा सावकाश मिटला आणि प्रार्थना कऱ्हाडकडे नेली.

सांगलीला त्या दिवशी ते सोन्याच्या बरोबर समोर उभे होते, हे मला तेव्हा आठवलं. आणि प्रार्थना दुसऱ्यांदा महाबळेश्वराहून सुरू केली होती, तेही आठवलं!

पण हे मी सांगणार कुणाला? साक्षीदार एक नाही. पंगतीत त्या वेळी उघड्या डोळ्यांचा माणूस मी एकटाच होतो, आणि तसा ठरावच आहे.