शेजारच्या आसनावरील शांती

असत्य बोलून मनुष्य जितका अनर्थ ओढवून घेतो, त्याहून अधिक तो अर्धे सत्य बोलून ओढवतो. आणि ते अर्धे सत्य ऐकून जो शेजारी मौन धारण करतो, तो त्या अनर्थाचा समान भागीदार होतो. ग्रंथपालबाईंना हा सिद्धान्त पूर्णपणे मान्य होता. तरीही डॉक्टरबाईंच्या खोलीत, पतीच्या शेजारच्या खुर्चीवर बसून, त्यांनी मौनच पत्करले. कारण त्यांना मोटार शिकायची होती.

त्यांचे यजमान मोटार चालवण्याचे शिक्षक होते. सगळे गाव त्यांना मास्तर म्हणत असे. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या आसनापुढेही एक ब्रेक बसवलेला असतो, आणि मास्तरांचा पाय त्या ब्रेकवर तपश्चर्येला बसल्यासारखा अढळ असे. त्याला कारणही होते. नवशिक्यांनी त्यांना आजवर विजेच्या खांबांवर नेले होते, भाजीच्या हातगाड्यांवर नेले होते, आणि एका उत्साही शिंप्याने तर थेट न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर चढवले होते. या दीर्घ सेवेचे फळ म्हणून मास्तरांच्या छातीत धडधड आणि तळहातांना घाम यांचे कायमचे वास्तव्य झाले होते. परका शिष्य असला तर ते भय गिळत. पण स्टिअरिंगशी स्वतःची पत्नी बसली की त्यांचा धीर पार खचत असे.

“अहो, गाडी अजून सुरूसुद्धा केली नाही मी. ब्रेक कशाला दाबताय?”

“अगं, तू सुरू करणार असं वाटलं.”

असा त्यांचा पाठ चाले. बाईंना गल्लीच्या टोकापलीकडचे जग स्टिअरिंगमागून अद्याप दिसलेले नव्हते. इकडे वाचनालयाची फिरती गाडी शेडमध्ये उभी होती. तिचे चालक निवृत्त झाले होते, आणि संचालक मंडळाने ठरवून टाकले होते की महिनाअखेरीपर्यंत ग्रंथपालांना परवाना मिळाला तर गाडी त्यांच्या हवाली करावी, न मिळाल्यास विकून टाकावी. धरणावरचा पहारेकरी प्रवासवर्णनाचा दुसरा भाग कधी येतो म्हणून वाट पाहत होता. टेकडीपलीकडच्या एक आजीबाई रहस्यकथेतील खुनी कोण, हे कळल्याशिवाय डोळे मिटणार नाही असे सर्वांना बजावत होत्या. या मंडळींना काय सांगायचे, ही बाईंची खरी विवंचना होती.

म्हणून बाईंनीच मास्तरांना डॉक्टरबाईंकडे नेले.

डॉक्टरबाईंनी नाडी पाहिली, छाती तपासली, झोपेची चौकशी केली. “काम काय करता?”

“शिकवतो,” मास्तर म्हणाले.

“मुलं फार त्रास देत असतील. बरं, गाडीबिडी चालवता का?”

“छे हो! स्टिअरिंगला हात लावून कित्येक वर्षं झाली.”

यात एक अक्षर खोटे नव्हते. स्टिअरिंगला हात शिष्यांचे असत. पायाविषयी डॉक्टरबाईंनी विचारले नव्हते, आणि बाईंनी समोरच्या भिंतीवरील दृष्टी तपासण्याच्या तक्त्यातील सर्वांत खालची ओळ वाचण्यात लक्ष घातले.

“ही गोळी देते,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “जीव घाबरणं, धडधड, सगळं कमी होईल. पण नीट ऐका. हिनं झोप येते, अंग सैल पडतं, हातपाय उशिरा हलतात. ही घेऊन गाडी चालवायची नाही. दारूला शिवायचं नाही. दुसरं कुठलंही औषध मला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. हिची सवय लागते, म्हणून थोडेच दिवस. आणि मनानं एकदम बंदही करायची नाही. कळलं?”

“कळलं,” मास्तर म्हणाले. गाडीत बसून शिकवावे की नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नाही. चालवतो तो चालक. आपण शिक्षक, ही त्यांची व्याख्या लोखंडासारखी पक्की होती.

आठवड्याभरात मास्तरांचा कायापालट झाला. धडधड थांबली, घाम आटला, आणि वाणीत संतांना शोभावे असे मार्दव आले. पूर्वी शिष्याने गिअर चुकवला तर ते किंकाळी फोडत. आता “होतं असं” म्हणून खिडकीबाहेर पाहत. बेकरीवाल्याने गाडी पदपथावर चढवली, तेव्हा मास्तर म्हणाले, “वा, इथून बागेतली फुलं छान दिसतात.” बेकरीवाला धन्य झाला. गावात वार्ता पसरली की मास्तरांना काहीतरी साक्षात्कार झाला आहे, आणि शिकवणीला रांग लागली.

बाईंचाही पाठ फळाला आला. प्रथमच त्यांनी गल्लीचे टोक ओलांडले. चौक पार केला. गाडी मागे घेणे, चढावर थांबवणे, दोन गाड्यांच्या मध्ये उभी करणे, हे सारे त्या निर्विघ्न शिकल्या. कारण मधेच ब्रेक दाबणारा कोणी उरला नव्हता. मन मात्र अधूनमधून बोचत असे. ते बोचू लागले की बाई आजीबाईंच्या खुन्याची आठवण काढीत.

अखेर परीक्षा जवळ आली. परीक्षक म्हणजे गावचे प्रसिद्ध गृहस्थ. उमेदवार त्यांना नकारघंटा म्हणत. आदल्या दिवशी शेवटचा सराव करायचा, तर मास्तरांना सर्दीखोकल्याने गाठले. मास्तरांची थोरली बहीण वरच्या मजल्यावर राहत असे. तिच्या कपाटात प्रत्येक रोगावर एक बाटली होती, आणि प्रत्येक बाटली अर्धी होती.

“घे रे, दोन चमचे घे,” ती म्हणाली. “घसा लोण्यासारखा होईल.”

“वन्सं, डॉक्टरबाईंनी दुसरं औषध घेऊ नका म्हणून सांगितलंय,” बाई म्हणाल्या.

“अगो बाई, हे काय औषध आहे? हे सरबत आहे. याला लहानपणापासून मीच पाजत आले. डॉक्टरबाई तेव्हा जन्मल्या तरी होत्या का?”

नणंदेशी वाद घालून जिंकल्याचे उदाहरण बाईंच्या माहितीत नव्हते. मास्तरांनी सरबत घेतले, आणि घसा खरोखरच लोण्यासारखा झाला. त्यापाठोपाठ बाकीचे मास्तरही.

गाडी निघाली. पहिल्या वळणावर मास्तर म्हणाले, “उत्तम.” दुसऱ्या वळणावर म्हणाले, “हं.” तिसऱ्या वळणावर काहीच म्हणाले नाहीत, आणि बाईंचे अंतःकरण भरून आले. इतक्या वर्षांच्या संसारात यजमानांनी आपल्यावर इतका विश्वास कधी टाकला नव्हता! त्यांनी बाजारपेठ पार केली, रुग्णवाहिकेला वाट दिली, समोर आलेल्या बकरीलाही दिली.

“अहो, बरं चालवते का मी?” रेल्वेच्या फाटकाशी थांबताना त्यांनी लाडाने विचारले.

उत्तरादाखल मास्तरांचे मस्तक हलकेच त्यांच्या खांद्यावर येऊन विसावले. त्या लाजल्या. “इश्श! लोक बघतायत.” मग त्या मस्तकातून घोरण्याचा स्वर निघाला.

बाई भानावर आल्या. त्यांनी गाडी बाजूला घेतली, मास्तरांना गदागदा हलवले, गालावर पाणी शिंपडले. मास्तरांनी एक डोळा उघडला, “उत्तम, पुढे चला” असा आशीर्वाद दिला आणि पुन्हा समाधी लावली. आता बाईंना ना परीक्षा आठवली, ना वाचनालयाची गाडी. आपण भिंतीवरचा तक्ता वाचत बसलो होतो, एवढेच आठवले. फाटकापलीकडे डॉक्टरबाईंचा दवाखाना दिसत होता. फाटक उघडताच, चालत्या माणसाने मागे टाकावे इतक्या वेगाने त्या निघाल्या.

दवाखान्यासमोर एकच जागा होती. एका बाजूला रुग्णवाहिका, दुसऱ्या बाजूला चालकासह उभी असलेली एक चकचकीत काळी गाडी. बाईंनी आरसे पाहिले, मान वळवली आणि मागे घेत घेत गाडी त्या फटीत अशी अलगद बसवली की जणू पुस्तक फळीवर ठेवले. काळ्या गाडीचा मालक दवाखान्याच्या ओट्यावर उभा राहून हे पाहत होता. ते होते नकारघंटा.

“शिकाऊ पाटी,” ते खाली उतरत म्हणाले. “आणि शेजारी शिक्षक. झोपलेला! बाई, उद्या तुमची परीक्षा माझ्याकडे आहे ना?”

“आहे,” बाई म्हणाल्या. “परीक्षेचं नंतर बघू. आधी यांना उचलायला हात लावा.”

नकारघंटेला गावात आजवर कोणी असा हुकूम दिला नव्हता. त्यांनी निमूटपणे मास्तरांचे पाय धरले.

डॉक्टरबाईंनी मास्तरांना तपासले, श्वास मोजला, परिचारिकेला शेजारी बसवले आणि मग बाईंकडे वळल्या. या वेळी बाईंनी तक्ता वाचला नाही. शिकवणी, शेजारचा ब्रेक, सरबत, स्वतःचे मौन, सारे त्यांनी सांगून टाकले.

डॉक्टरबाईंचा आवाज चढला. “खोकल्याच्या त्या औषधानंही झोप येते. दोन्ही एकत्र झालं तर श्वास मंदावतो, कळतंय का तुम्हाला? थोडक्यात निभावलं. आणि गाडी चालवत नाही म्हणे! ब्रेकवर पाय ज्याचा, तो चालवत नाही तर काय करतो? या गोळीवर असलेल्या माणसानं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसणं म्हणजे गाडी चालवण्याइतकंच धोक्याचं आहे!”

दाराशी कोणीतरी खाकरले. नकारघंटा आत आले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

“डॉक्टर,” ते हळूच म्हणाले, “हे… परीक्षकालाही लागू आहे का?”

“का? तुम्ही तर मला सरकारी नोकरी सांगितली होती.”

“सरकारीच आहे. तिचं स्वरूप तुम्ही विचारलं नाहीत.”

डॉक्टरबाईंनी डोक्याला हात लावला. नकारघंटाही त्याच गोळीवर होते, आणि तीच संपत आली म्हणून नवी चिठ्ठी लिहून घ्यायला आले होते. रोज नवे उमेदवार त्यांना जिथे जिथे घेऊन जात, ते ऐकल्यावर डॉक्टरबाईंचा राग अर्धा ओसरला. त्यांनी दोघांनाही बजावले: गोळी एकदम सोडायची नाही, त्या सांगतील तशी हळूहळू कमी करायची, आणि ती पूर्ण सुटेपर्यंत शेजारच्या आसनावर पाऊल ठेवायचे नाही. भीतीवर बोलून करायचे उपचारही असतात, ते सुरू करू.

“मग माझी परीक्षा?” बाईंनी विचारले. “आणि मघाशी तुम्ही जे पाहिलंत ते?”

नकारघंटा म्हणाले, “नियमानं तुमचं नाव कापलं पाहिजे. पण नियम असाही आहे की परीक्षक पूर्ण शुद्धीत असला पाहिजे. मी गोळी घेऊन उभा होतो. तेव्हा मी जे पाहिलं, ते ग्राह्य धरता येत नाही.” मग जाता जाता ते पुटपुटले, “गाडी मागे छान घेतलीत. अर्थात हेही ग्राह्य नाही.”

दुसऱ्या दिवशी परीक्षा त्यांच्या तरुण सहायकाने घेतली. मास्तर पूर्ण जागे होऊन, सक्तीच्या विश्रांतीवर, कुंपणाबाहेर बहिणीच्या पहाऱ्यात उभे होते. तिच्या कपाटातील सर्व बाटल्या सकाळीच डॉक्टरबाईंकडे तपासणीला रवाना झाल्या होत्या, आणि त्यामुळे ती कोणाशी बोलत नव्हती. सहायकाने चढावर डोळे मिटले, चौकात दाराचे हँडल धरले आणि गाडी जागेवर लावून झाल्यावरही श्वास रोखून धरला. बाईंनी गाडी बंद केली.

“झाली परीक्षा, साहेब. सोडा आता श्वास.”

“पास,” सहायक कसाबसा म्हणाला.

वाचनालयाची गाडी त्याच आठवड्यात शेडबाहेर पडली. धरणावर दुसरा भाग पोहोचला. टेकडीपलीकडच्या आजीबाईंनी शेवटचे पान आधी उघडले, “तरी मला वाटलंच होतं!” म्हणून टाळी वाजवली, आणि लगेच पुढची रहस्यकथा मागितली; म्हणजे डोळे मिटण्याचा बेत पुन्हा लांबला.

जे चालवतात त्यांच्या हातांना स्थैर्य लाभो. जे शेजारी बसतात त्यांना जागरूकता लाभो, आणि त्यांची भीती बेतापुरतीच उरो. त्या दोघांच्याही रस्त्यात येणाऱ्या बकरीसह सर्वांचे कल्याण असो.