सहा सेंटिमीटर आणि यान्सनबाई

"यंदा आई माझ्या घरात सुती साडीत बसेल," असं नीळकंठ दाणीने ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, तेव्हा बाहेर गारा पडत होत्या आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या गळ्यात मफलर होता.

"आणि स्वेटर?" शेजारच्या रवींद्रने विचारलं.

"स्वेटर बॅगेतून बाहेर निघणार नाही. लिहून घे."

या बढाईमागे दोन वर्षांचं दुखणं होतं. २००३ च्या नोव्हेंबरात कुमुदिनीबाई तीन महिन्यांसाठी म्हणून नेदरलँड्समधल्या बेस्ट गावी मुलाकडे आल्या आणि तेराव्या दिवशी तिकीट बदलून पुण्याला परत गेल्या. गेल्या त्या गेल्या, वर सोसायटीभर सांगत सुटल्या की नीळूने परदेशात घर नाही, फ्रीज घेतलाय! वडील गेल्यापासून आई तिकडे एकटी, आणि नीळकंठ एकुलता एक. या वेळी तिने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "येते. पण थंडी वाजली तर ही शेवटची खेप. पुन्हा बोलावू नकोस."

आणि हे कोणाला ऐकवावं, तर थर्मल इंजिनिअरला! आइंडहोव्हनच्या कंपनीत एका यंत्राचा एक भाग उगाच तापू नये एवढंच पाहण्याचा नीळकंठला पगार मिळत होता. अशा माणसाची आई कुडकुडत परत जाते म्हणजे काय? तो चवताळून कामाला लागला. बाहेरच्या भिंतींच्या पोकळीत लोकर भरून घेतली, छपराला अस्तर लावलं, काचा दुहेरी केल्या. जुने रेडिएटर भंगारात दिले. आता बैठकीच्या खोलीत भिंतच तापणार होती. भिंतीला गरम पाण्याच्या नळ्या आणि वरून गिलावा.

खोलीला पुढे-मागे काचाच काचा, एका बाजूला जिना. सलग भिंत एकच, शेजारच्या यान्सनबाईंच्या आणि यांच्या घरामधली, एका विटेची. ते काम करायला विम नावाचा कारागीर आला आणि येताना फळ्या घेऊन आला.

"आधी या. भिंतीला फळी, फळीवर नळी, नळीवर गिलावा," विम म्हणाला. "नाहीतर ऊब मागे जाते."

"जाडी किती?"

"सहा सेंटिमीटर."

 पुण्यात सहा सेंटिमीटरसाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात, आणि हा गृहस्थ भिंतभर सहा सेंटिमीटर गिळायला निघाला होता. त्यातून याच भिंतीला बायकोच्या, वसुधाच्या माहेरचं, जहाजाने आणलेलं शिसवी कपाट उभं राहायचं होतं. फळी घातली की कपाट पुढे येणार आणि खोलीचं दार त्याला अडून अर्धंच उघडणार.

"फळ्या नकोत," नीळकंठ म्हणाला. "पलीकडे बाईंचं घर आहे, ते गरमच असणार. ऊब उलट त्यांच्याकडून आपल्याकडे येईल."

"त्या हीटर लावतात?"

"या हवेत न लावून जातात कुठे? अहो, मी थर्मल इंजिनिअर आहे."

विमने खांदे उडवले. "निदान भिंतीपुढे मोठं सामान ठेवू नका," एवढं बोलून तो कामाला लागला. हे वाक्य नीळकंठने ऐकलं होतं. पण कपाट वसुधाच्या माहेरचं होतं.

डिसेंबरात आई आली. पहिल्या दिवशी स्वेटर निघाला. दुसऱ्या दिवशी त्यावर शाल आली. तिसऱ्या दिवशी आईने बॅगेच्या तळातून वडिलांची माकडटोपी काढली आणि ती घालून खिडकीबाहेर बघत बसली. नीळकंठने थर्मोस्टॅट चोविसावर नेला. खोली सतरावरून हलेना.

चौथ्या दिवशी वसुधाने तुपाची बरणी काढायला कपाट उघडलं. "नीळकंठ, हे बघ जरा. कपाटातलं तूप पातळ झालंय, आणि कपाटापुढे आई थिजल्यात."

"भिंत तापायला वेळ लागतो," तो तिच्यावरच खेकसला. "आठवडाभर थांबा."

आई थांबली नाही. पाचव्या दिवशी दुपारी नीळकंठ घरी आला, तर आई जागेवर नव्हती. चपला नव्हत्या. माकडटोपी तेवढी खुर्चीवर पडलेली. विमानतळाच्या विचाराने त्याला धडकी भरली. तेवढ्यात कपाटामागून आईचं हसणं ऐकू आलं. तो तसाच शेजारी धावला.

यान्सनबाईंच्या बैठकीत, भिंतीला पाठ टेकून, आई बसली होती. सुती साडीत. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण पत्ते वाटून झाले होते आणि आई जिंकत होती.

"ये ना रे," आई म्हणाली. "बघ, घर कसं ठेवावं. शिक जरा."

यान्सनबाईंनी अभिमानाने विझवलेल्या हीटरकडे बोट दाखवलं. "नोव्हेंबरपासून बंद आहे. जुन्या विटा. ऊब धरून ठेवतात."

नीळकंठने भिंतीला हात लावला. विटांतून गरम पट्टे हाताला लागले. एक नळी, दुसरी नळी, तिसरी. सगळ्या त्याच्याच होत्या. आपला उन्हाळा, आपली विद्या आणि आपली आईसुद्धा या विटांनी पळवली, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

त्याने आईला घरी आणून सगळं समजावलं. "उद्या कपाट हलवतो. विमला बोलावून फळ्या घालून घेतो."

"खबरदार," आई म्हणाली. "ती बिचारी एकटीच असते. मीही पुण्याला एकटीच असते, मला विचार. तिला गारठवून मी इथे उबेला बसू? मी चार महिने राहते, हवं तर पाच. पण ती भिंत अशीच राहू दे." मग जरा विचार करून म्हणाली, "आणि ऊब कमी पडली तर मी तिच्याकडून दोनदा ठोकीन."

रविवारी रवींद्र भिंत बघायला आला. कोट काढता काढता त्याने पुन्हा घातला. "काय, आई बसतात का सुती साडीत?"

"बसते," नीळकंठ म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

कपाटामागे दोनदा ठकठक झाली. नीळकंठने माकडटोपी कानांवर ओढली आणि उठून थर्मोस्टॅट एका अंशाने वाढवला.