निरोपाचा तास

आमच्या कॉलेजातल्या 'निरोप घेणे' या विषयाचा प्रात्यक्षिक तास चौदा वर्षांपूर्वी जून महिन्यात सुरू झाला आणि तो अजून संपलेला नाही. मी कॉलेजचा हेडक्लार्क आहे आणि त्या तासाची हजेरी रोज माझ्याच टेबलावर येते, त्यामुळे हे मी खात्रीने सांगतो.

प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारायला येतात की ऐच्छिक विषय कोणता घ्यावा. विषय आमच्याकडे चांगले आहेत. 'चेहरा आठवतो, नाव आठवत नाही' याला गर्दी फार. 'दुसऱ्याच्या लग्नातले जेवण' पहिल्या वर्षाला आहे आणि त्याचं प्रात्यक्षिक मे महिन्यात उरकतं. 'ऐकू न येणे' शिकवणारे सर दिवसभर स्टाफरूममध्येच असतात, पण हाक मारून उपयोग नाही. मी मात्र सगळ्यांना 'निरोप' घ्यायला सांगतो. जन्मभर उपयोगी पडणारा विषय आहे आणि लेखी पेपर नाही. रेवती साळोखेच्या वडिलांनाही मी हेच सांगितलं होतं. ते भले गृहस्थ, लगेच सही करून मोकळे झाले.

हा तास खोली नंबर सहामध्ये चालतो. तिथे एक सोफासेट आहे, टीपॉय आहे, पलीकडे उंबऱ्यासकट दाराची चौकट आहे आणि चौकटीपासून आठ फुटांवर लोखंडी फाटक. पहिल्या सत्रात सोफ्यावरून उठायला शिकवतात. गुडघ्यांवर हात ठेवून 'चला' म्हणायचं आणि पुन्हा बसायचं, हे तीन वेळा जमलं की दुसरं सत्र चपलांचं. त्यानंतर उंबरा, आणि शेवटी फाटक. फाटकाशी सध्या हणमंत बंडगर आहे. त्याने अकरा वर्षांपूर्वी स्कूटरला किक मारली, ती अजून चालू आहे. त्याचं लग्नसुद्धा फाटकातच लागलं. वऱ्हाडातल्या कुणी हा विषय घेतलेला नव्हता, म्हणून ती मंडळी वेळेत घरी गेली.

पास व्हायची अट एकच. पाहुण्याने निघावं आणि यजमानाला वाईट वाटू नये. यजमान म्हणजे प्राध्यापक मालिनी कुरुंदवाडे. परीक्षेच्या अर्जावर 'यजमानाला वाईट वाटले काय?' असा रकाना आहे आणि तो यजमानाने स्वतः भरायचा असतो. अडचण एवढीच आहे की मॅडमना दर वेळी खरोखर वाईट वाटतं आणि त्या खोटं लिहीत नाहीत. बाहेरचे परीक्षक म्हणून सोलापूरहून गायधनी सर दोन दिवसांसाठी आले होते, त्यांनाही आता नऊ वर्षं झाली. त्यांचे कपडे घरून एसटीने येतात.

अशी एकूण एकेचाळीस मुलं. मुलं म्हणायची पद्धत, त्यातल्या निम्म्यांना चाळिशीचा चष्मा लागायला आला आहे. माझं टेबल खोली सहाच्या बरोबर समोर आहे. सकाळी मी पेपर मोठ्याने वाचतो, ते तिकडून ऐकतात. कोड्यातला शब्द अडला तर उंबऱ्यावरून रेवती सांगते. ती उंबऱ्यावर दोन वर्षं होती.

मागच्या महिन्यात रेवतीला नोकरीचं पत्र आलं. अर्ज तिने उंबऱ्यात उभं राहूनच केला होता आणि मुलाखतही फोनवर तिथूनच दिली होती. गडहिंग्लजच्या एका शाळेत सोमवारी सकाळी दहाच्या आत रुजू व्हायचं आणि आठ दिवसांत सर्व विषय पास झाल्याचा दाखला द्यायचा. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. तशीच निघून गेली असती तर नापास, आणि थांबली असती तर नोकरी गेली. तिने पत्र मला दाखवलं तेव्हा मला माझाच राग आला, कारण हा विषय मीच तिच्या गळ्यात मारला होता.

मी प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले की नियम शिथिल करता येणार नाही, एकीसाठी केला तर चाळीस जण उद्या दारात उभे राहतील. मी म्हटलं, ते आजही दारातच उभे आहेत. यावर त्यांनी रेवतीची फाइल परत दिली.

रविवारी दुपारी रेवतीने प्रयत्न सुरू केला. तिने हात जोडून मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमना फार आनंद झाला. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, मग म्हणाल्या की चांगल्या कामाला निघालेल्या मुलीच्या हातावर दही घातल्याशिवाय कसं सोडायचं. दही नव्हतं. विरजण लावलं. ते लागेपर्यंत चहा झाला, चहाबरोबर काहीतरी हवं म्हणून पोहे झाले, आणि पोहे खाताना मॅडमच्या लक्षात आलं की पोरीच्या डोक्याला कित्येक दिवसांत तेल लागलेलं नाही. यात मुद्दाम काही नव्हतं. त्यांना माणूस जाताना बघवत नाही, एवढंच.

सोमवारी सकाळी दही लागलं. सहा चाळीसची गाडी होती आणि तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. रेवतीने दही चाटलं, पाया पडली आणि उंबऱ्यावरून मला म्हणाली, "काका, मॅडमना वाईट वाटायला नको आणि गाडीही चुकायला नको. काय करू सांगा."

मी एकतीस वर्षं कारकुनी केली आहे, मला फक्त कागद कळतात.

उत्तर मॅडमनीच दिलं. त्या चपला घालत म्हणाल्या, "एकटी कशाला जातेस? स्टँडपर्यंत येते की पोचवायला."

असं आजवर झालं नव्हतं. अभ्यासक्रम फाटकापर्यंतच आहे. पण यजमान पोचवायला निघाल्यावर पाहुण्याला नको म्हणता येत नाही, त्यामुळे रेवती निघाली. आता मॅडमच फाटकाबाहेर पडल्यावर उरलेल्यांनी निरोप घ्यायचा कुणाचा? तेही मागोमाग निघाले. सोफ्यावरचे उठले, चपलावाल्यांनी चपला सरकवल्या, हणमंतने स्कूटर गियरमध्ये टाकली. गायधनी सरांनी परीक्षेच्या अर्जांचा गठ्ठा काखेत मारला. मी हजेरीपुस्तक घेऊन मागून चालत राहिलो, कारण चालू तास वाऱ्यावर सोडता येत नाही.

वाटेत मॅडम तिला गडहिंग्लजमधल्या आपल्या मावसबहिणीचं घर कुठे आहे ते सांगत होत्या. ते घर सापडायला सोपं नसावं. गाडी लागली तेव्हा त्या दुसऱ्या वळणापर्यंतच आल्या होत्या, म्हणून वाक्य पुरं करायला त्या गाडीत चढल्या. त्यांच्यामागून बाकीचे चढले. कंडक्टरने विचारलं, "एवढे सगळे पोचवायला?" हणमंत हो म्हणाला आणि स्कूटर टपावर चढवायला लागला.

मला चढता येत नव्हतं. रजा मंजूर नव्हती आणि कॉलेजच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. मला रेवतीला सांगायचं होतं की पहिल्या पगारापर्यंत घरभाड्याची सोय नीट बघ, हेडमास्तरांशी वाद घालू नकोस आणि कोड्यातले आडवे शब्द आता मला कोण सांगणार. हे मी मनात जुळवून ठेवलं होतं. ती सगळ्यांत शेवटी चढत होती. पायरीवर पाय ठेवून ती वळली आणि म्हणाली, "येते हं काका." मी "हो" म्हटलं. कंडक्टरने बेल मारली आणि गाडी सुटली.

खिडकीतून गायधनी सरांनी एक अर्ज बाहेर टाकला आणि ओरडून सांगितलं, "नियम नववा. घरी मागे उरेल तो यजमान. रकाना तुम्ही भरायचा."

मी कॉलेजात परत आलो. खोली सहामध्ये कुणी नव्हतं. टीपॉयवर पोह्यांच्या बशा होत्या. मी टेबलाशी बसून सवयीने पेपर मोठ्याने वाचायला घेतला आणि दुसऱ्या बातमीला थांबलो. मला फार वाईट वाटलं. चौदा वर्षं माझ्यासमोर माणसं निरोप घ्यायला शिकत होती, आणि माझ्या वाट्याला त्यातले तीन शब्द आले. पुढे कळलं की रेवती नऊ पन्नासला रुजू झाली. मॅडम आणि बाकीची मंडळी मात्र शाळेच्या फाटकाशीच आहेत आणि तास तिथे व्यवस्थित चालू आहे. शाळेने त्यांच्यासाठी एक बाक दिला आहे.

अकराच्या सुमारास मी अर्ज समोर घेतला. बाकीचे चाळीस जण मला न सांगता गेले, त्यामुळे त्यांची प्रकरणं प्रलंबित ठेवली. रेवतीच्या अर्जावर पाहुण्याचं नाव लिहिलं, यजमानाच्या जागी माझं लिहिलं. निरोपाला लागलेल्या वेळेपुढे चार सेकंद अशी नोंद केली. मग 'यजमानाला वाईट वाटले काय?' हा रकाना आला. मी पेन खाली ठेवलं, पाणी पिऊन आलो, पुन्हा बसलो. प्राचार्य येऊन मागे उभे राहिले होते. त्यांनी रिकाम्या खोलीकडे पाहिलं आणि विचारलं, "काय लिहिताय?"

मी 'नाही' असं लिहिलं आणि शिक्का मारला. अर्ज दोन प्रतींत लागतो, म्हणून दोनदा लिहिलं.