गजभिये काकांची डावी बाजू

गजभिये काका रोज दोन तास गिटार वाजवतात आणि तिचा आवाज येत नाही.

अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात आमची टाउनहाउसं भिंतीला भिंत लावून आहेत. काकांनी पेडल स्टील गिटार घरी आणली, तेव्हा मी धसका घेऊन इयरप्लग आणले. ते अजून पाकिटातच आहेत. शेवटी न राहवून एकदा त्यांच्या बेसमेंटमध्ये डोकावलो. ही गिटार टेबलासारखी पायांवर उभी असते. वर तारा, खाली पेडलं. तारांवरून पोलादाचा दांडा सरकवायचा आणि पायानं पेडल दाबायचं, की सूर गळा दाटून आल्यासारखा वर चढतो. काका हेडफोनवर गाणं लावून डाव्या हातानं दांडा सरकवत होते, डाव्या पायानं पेडल दाबत होते. उजवा हात मांडीवर गप्प.

“काका, तारा छेडत का नाही?”

“ते डिपार्टमेंट आपल्याकडे नाही.”

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. इथल्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात इंजिनियर म्हणून उभी नोकरी काढलेल्या काकांनी सगळ्या जगाची डिपार्टमेंटं पाडली आहेत. चहात साखर कमी पडली, काकूंचं डिपार्टमेंट. मुलीचं लग्न, तिचं स्वतःचं.

“सात महिने झाले बाप्पा, एकच गाणं,” काकू म्हणाल्या. “आणि तेही मुकं!”

गाणं जुनं कंट्री. एक माणूस घरदार विकून ट्रकमधून निघतो आणि त्याचा कुत्रा मागे धावत राहतो. काकांनी त्याचा तक्ता करून भिंतीला लावला होता : ‘ओळ तिसरी. कुत्रा दिसतो. दुसरं पेडल, अर्धंच.’

एका शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. “कंबर धरली रे. गिटार व्हॅनमध्ये चढवून देतोस का?”

चढवली. फ्रिज परवडला. मग उतरवायलाही कुणीतरी हवं, म्हणून मीही सोबत गेलो. वाटेत काकांनी, पंप बिघडल्याची तक्रार सांगावी तशा सुरात, सगळं सांगितलं. रॉजर हा त्यांच्या आधीच्या घराचा शेजारी. गिटार त्याची. तरुणपणापासून वाजवत आलेला. मग स्ट्रोक आला, डावा हात आणि डावा पाय गेला. त्यानं गिटार कुणालातरी देऊन टाकायला काढली आणि काकांना उचलायला बोलावलं. काकांनी ती उचलली आणि थेट आपल्या घरी आणली.

“त्याची उजवी बाजू शाबूत आहे ना,” काका म्हणाले. “डावी मी शिकतो म्हटलं.”

रॉजर गॅरेजमध्ये व्हीलचेअरवर वाट पाहत होता. “यू आर लेट, गजभिये!”

दोघं खांद्याला खांदा लावून बसले. रॉजरनं उजव्या हातानं तार छेडली, काकांनी दांडा सरकवला. तिसऱ्या ओळीला काकांचा पाय जरा जास्तच पडला.

“यू किल्ड द डॉग!” रॉजर ओरडला.

“सॉरी, सॉरी. अगेन.”

पुढच्या खेपेलाही कुत्रा वाचला नाही. त्यानंतरच्या खेपेला मात्र सूर वर गेला, तिथं थोडा थरथरला आणि सावकाश खाली आला. रॉजर तोंडातल्या तोंडात, जड जिभेनं गात होता. गाणं संपलं तरी त्यानं तारांवरचा हात काढला नाही. काकांनीही दांडा उचलला नाही.

परतताना मी विचारलं, “काका, एवढी मेहनत कशासाठी?”

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न दिल्यावर काकांनी व्हॅन पुढे काढली.

“ऑफिसात गजभिये कुणाला म्हणता येईना, मी रिटायर होईपर्यंत गॅबीच होतो रे,” ते म्हणाले. “निरोपाच्या केकवरसुद्धा गॅबीच लिहिलं होतं. या माणसानं पहिल्याच दिवशी माझ्याकडून नाव कागदावर लिहून घेतलं. ‘भ’ काही येईना त्याला. मग आठ दिवस लॉन कापताना म्हणत राहायचा, गजभिये, गजभिये. मी खिडकीत उभा राहून ऐकायचो.”