दोन वर्षांचा निरोप

भाऊराव मेश्रामांचं भाषण चांगलं झालं, हीच खरी अडचण होती. साधं झालं असतं तर लोक विसरले असते. पण कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, अंगावर शाल घेऊन उभ्या असलेल्या श्रावस्तीकडे बघत ते म्हणाले, “आता दोन वर्षं माझ्या लेकीचं तोंड दिसणार नाही,” आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

“बाबा, तीन आठवडे,” श्रावस्ती हळूच म्हणाली. माईक बाबांच्या हातात होता.

खरी गोष्ट अशी होती. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात श्रावस्तीला दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला होता आणि तो कोर्स सप्टेंबरात सुरू होणार होता. त्याआधी जुलैमध्ये तिथलंच तीन आठवड्यांचं समर स्कूल होतं. ते करायचं, दिल्लीला परत यायचं, मोठा व्हिसा काढायचा आणि मग पुन्हा जायचं. हे भाऊरावांना नीट ठाऊक होतं. पण मंडळाचा हॉल जूनमधल्या एकाच रविवारी मोकळा होता. पुढे तिथे गणपतीच्या कार्यक्रमांच्या तालमी सुरू होणार होत्या. सरकारी नोकरीत उभा जन्म गेलेल्या माणसाला दोन कामं एकत्र उरकायची सवय असते. त्यांनी दोन्ही जाण्यांचा मिळून एकच निरोप करून टाकला. मधल्या येण्याचा उल्लेख भाषणात शोभेना, म्हणून गाळला.

श्रावस्ती ठरल्याप्रमाणे जुलैअखेरीला परत आली. विमानतळावर, घामाच्या धारांत, भाऊराव कानटोपी घेऊन उभे होते.

“ही घाल. आणि जिन्यात कुणी भेटलं तर बोलू नकोस.”

“का? मी काय चोरी केलीय?”

“अगं, दोन वर्षांचा सत्कार घेतलास आणि तीन आठवड्यांत हजर! लोक म्हणतील, पोरीला झेपलं नाही, पळून आली.”

“मग सरळ सांगा ना, यार बाबा!”

“सांगायला गेलं की लोक म्हणतात, झाकतोय.”

तेव्हापासून श्रावस्ती स्वतःच्याच घरात लपून राहू लागली. गॅलरीत यायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही, बेल वाजली की आतल्या खोलीत. व्हिसाच्या कामाला जायचं ते तोंडाला ओढणी गुंडाळून; दिल्लीच्या धुळीत त्याचं कुणाला काही वाटत नाही. तिच्या आईला, रमाबाईंना, हे मुळीच पटलं नव्हतं. “लेक घरी आलीय तर चार दिवस लाड करावेत, ते सोडून हे तिला फरार करून बसलेत,” असं त्या भाजी चिरताना भाजीला सांगत.

पहिला दगा जीन्सनं दिला. श्रावस्तीची गुडघ्यावर फाटलेली जीन्स गॅलरीत वाळत होती आणि समोरच्या क्षिप्रावहिनींनी ती पाहिली.

“काय हो रमावहिनी, ही जीन्स कुणाची?”

“यांची,” रमाबाई म्हणाल्या. त्यांना दुसरं काही सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्या बोलल्या असत्या का, अशी शंका भाऊरावांना पुढे बरेच दिवस येत होती.

संध्याकाळपर्यंत बातमी मंडळात पोचली. आता भाऊरावांच्या अंगावर ती जीन्स दिसणं भाग होतं. ते करोल बागेत गेले आणि आपल्या मापाची, गुडघ्यावर फाटलेली जीन्स घेऊन आले. ती घालून ते रोज फिरायला जाऊ लागले. लोक हसले नाहीत, उलट हळहळले. लेक दूर गेली की माणसाचं असं होतं, असं सगळ्यांनी आपसात ठरवून टाकलं.

त्या हळहळीतूनच पुढचं संकट आलं. मंडळाच्या सेक्रेटरी विनयाताईंनी त्यांना बागेत गाठलं.

“भाऊराव, मन रमवा जरा. रविवारी मीटिंगला श्रावस्तीला व्हिडिओ कॉल लावू. मुलांना गाइडन्स मिळेल, तुम्हालाही बरं वाटेल.”

“ती बिझी असते हो.”

“अच्छा? आमचा निखिल जर्मनीत असून रविवारी मोकळा असतो. जपायला सांगा हं पोरीला. निखिल म्हणतो, तिकडे ऑगस्टमध्येही स्वेटर लागतो.”

म्हणून रविवारी श्रावस्ती आतल्या खोलीत, पडदे ओढून, स्वेटर घालून बसली. आवाज येईल म्हणून पंखाही बंद होता. रमाबाईंनी डोकं दुखत असल्याचं सांगून घरी राहणं पसंत केलं. हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर श्रावस्तीचा घामानं डबडबलेला चेहरा उमटला.

“काय तेज आलंय बघा चेहऱ्यावर!” क्षिप्रावहिनी म्हणाल्या. “तिकडची हवाच वेगळी.”

श्रावस्ती लायब्ररीबद्दल बोलत असताना हॉलबाहेरून आरोळी आली, “कबाडीऽऽ! पेपर, रद्दी, लोहाऽऽ!” कबाडीवाला सायकल ढकलत मागच्या क्वार्टर्सकडे वळला. थोड्या वेळानं तीच आरोळी इंग्लंडमधून आली. भाऊराव जोरजोरात खोकू लागले. पण त्या खोकल्यावर मात करून इंग्लंडमधूनच रमाबाईंचा खणखणीत आवाज आला, “भैया, रुको! रद्दी है!”

पडद्यावर श्रावस्तीनं शांतपणे स्वेटर काढला.

“बस झालं, बाबा. मी येतेच तिकडे.”

पडद्यावर रिकामी खुर्ची दिसत असतानाच ती हॉलच्या दारात येऊन उभी राहिली.

भाऊराव फाटक्या जीन्समध्ये उठले. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “पोरीनं समर स्कूल चांगलं केलंय. सप्टेंबरात ती खरंच जाणार आहे. तिला कुणी हसू नये, एवढंच मला वाटत होतं.”

सगळ्यांनी विनयाताईंकडे पाहिलं. मंडळाची अशी फसवणूक त्या खपवून घेणाऱ्या नव्हत्या. त्या बराच वेळ प्रोजेक्टरची वायर गुंडाळत राहिल्या.

“आमचा निखिल नोएडात आहे,” शेवटी त्या म्हणाल्या. “मार्चपासून. जर्मनीतली नोकरी टिकली नाही. माझ्या भावाकडे राहतो.”

“काकू, मग बोलवा ना त्याला,” श्रावस्ती म्हणाली. “एकटाच काय करतो तिकडे?”

त्या वर्षी गणपतीत मंडळाच्या लेझीम पथकात दोन जण जास्तीचे होते.

सप्टेंबरात निघायच्या वेळी विनयाताईंनी पुन्हा निरोप समारंभ करायचं म्हटलं. भाऊरावांनी हात जोडले. विमानतळावर तिघंच होते. रमाबाई डोळे पुसत होत्या.

“बाबा, काहीतरी बोला ना,” श्रावस्ती म्हणाली.

भाऊरावांनी तोंड उघडलं. पण जे बोलायचं ते जूनमध्येच बोलून झालं होतं. त्यांनी पिशवीतून कानटोपी काढली आणि तिच्या डोक्यावर चढवून कानांवरून नीट खाली ओढली.

“आता कशाला ही? आता कुणापासून लपायचंय?”

“थंडी असते तिकडे,” भाऊराव दुसरीकडे बघत म्हणाले. “निखिल म्हणतो.”