संगम स्पर्धेचा फेरसामना

कोल्हापूर आणि बेळगावच्या फुटबॉल क्लबांची संगम स्पर्धा बंद पडली, तेव्हापासून ती सहा महिने दिनकर सरनाईकांकडे आणि सहा महिने परशराम चौगुल्यांकडे राहते. म्हातारी आई दोन लेकांनी वाटून घ्यावी, तशी.

आता यात दिनकररावांचा काडीचाही दोष नाही. शेवटची फायनल एक-एक अशी बरोबरीत सुटली. फेरसामना व्हायच्या आतच सीमेच्या दोन्हीकडच्या संघटना भांडून मोडल्या, आणि मोडता मोडता त्यांनी एकमुखानं ठराव केला, की निकाल लागेपर्यंत स्पर्धेचा सांभाळ दोन्ही कप्तानांनी करावा. दिनकरराव कोल्हापूरच्या तालमीचे, म्हणजे तिथल्या फुटबॉल क्लबाचे, कप्तान आणि गोलकीपर. दुसऱ्याच दिवशी स्पर्धा पत्र्याची ट्रंक घेऊन दारात हजर! त्यांच्या बायकोनं, शालननं, भाकरतुकडा ओवाळून तिला आत घेतलं. तेव्हापासून ती घरची आत्याबाई.

आत्याबाईचं खाणं बेताचं, पण शिस्त भारी. अर्धं जेवण झालं की मध्यंतर म्हणून उठून लिंबाची फोड चोखायची आणि समोरच्या पाटावर जाऊन उरलेलं जेवायची. गल्लीत हलगी वाजली की मात्र जुने सामने आठवून डोळ्याला पदर लावायची. मग दिनकररावांनाही घास गिळवत नसे. त्यांच्या वेळची माणसं एकेक करून गेली होती, ही तेवढी उरली होती.

मुक्काम हलवायचा तर आधी फेरसामना, असा नियम. परशराम पाच चेंडू मारणार, दिनकरराव अडवणार. एकही गोल झाला नाही की जुनी बरोबरी कायम, आणि आत्याबाई दुसऱ्या गावी जायला मोकळी. गोल झाला तर मात्र स्पर्धा संपली, कायमची. डॉक्टरांनीही नाडी बघून तेच सांगितलं होतं, "निकालापर्यंत हिला काही होत नाही. पुढचं माझ्या हातात नाही." बरं, लुटुपुटूचं खेळायचीही सोय नव्हती. तसं दिसलं तर ती अन्न सोडायची. त्यामुळे परशराम जीव खाऊन मारायचा आणि दिनकरराव जिवाच्या आकांतानं अडवायचे.

यंदा दिनकररावांचा गुडघा गेला.

"ऑपरेशन होईस्तोवर थांबा की वो आत्याबाई," शालन म्हणाली.

"नियमात आजारपण नाही. राखीव गोलकीपर चालतो. आहे का?"

"कोण न्हाई."

"मग वेळेवर सुरू करा."

परशराम सकाळच्या एसटीनं आला. त्या जुन्या फायनलमध्ये शेवटच्या मिनिटाला, मोकळ्या गोलसमोर त्यानं चेंडू बाहेर मारला होता. तेव्हापासून बेळगावात त्याला 'बाहेर परशा'च म्हणतात. बारशाला गेला तरी तेच, मयताला गेला तरी तेच. एक गोल, एवढीच त्याची उभ्या जन्माची भूक.

घरामागच्या परड्यात दोन घागरी ठेवून गोल केला होता. शेजारपाजार भिंतीवरून डोकावत होता.

"गुडघा कसा आहे रे?" परशरामनं हळूच विचारलं.

"गुडघ्याला काय धाड भरलीय? मार तू."

पहिले चार चेंडू दिनकररावांनी छातीवर घेतले. मग पाचव्याला डावीकडे झेपावले, चेंडू थोपवला, आणि गुडघ्यातून अशी कळ आली की तिथंच आडवे झाले. चेंडू उसळून परत परशरामच्या पायात! समोर नुसत्या दोन घागरी, मधे कोणी नाही. नको रे बाबा, असं दिनकररावांच्या अगदी ओठांवर आलं, पण विनंती करणं नियमात बसत नव्हतं.

परशरामनं घागरींकडे बघितलं. मग पायरीवर बसलेल्या आत्याबाईकडे बघितलं. तिच्या मांडीवर लिंबाची फोड तशीच होती.

त्यानं मारला. चेंडू घागरीच्या बाहेरून, पपईखालून, थेट शेजारच्या परड्यात.

"बाहेर परशा!" भिंतीवरून एकच गलका झाला.

आत्याबाई उठली. "परशराम, लुटुपुटूचं होतं का हे?"

"छे हो आत्याबाई! मी पहिल्यापासनं असाच मारतोय. आख्ख्या बेळगावला विचारा की."

आत्याबाईनं हातातली लिंबाची फोड तोंडात धरली. दिनकरराव मातीत पडल्या पडल्या रडत होते आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"बरोबरी," ती म्हणाली. "पुढचा सामना बेळगावात. शालन, माझी ट्रंक काढ."

परशरामनं ट्रंक उचलली. शालननं वाटेत चोखायला दोन लिंबं बांधून दिली.